नदी उजव्या हाताला

मार्च उतरणीला लागला की नाशिकमधल्या इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवरच्या गप्पा बदलतात. एरवी गुडघे, शेअर बाजार आणि बोगद्यापाशी होणारी वाहतूक कोंडी यांवर चालणाऱ्या बोलण्यात तिथी शिरतात. पाडवा कधी, अमावास्या कधी, शनिवार-रविवार सोडून कोणते दिवस सोयीचे, टेम्पो ट्रॅव्हलर सांगायची की दोन गाड्यांत भागेल? आणि मग ज्याला खरं तर जायचंच असतं, तोच विचारतो, ‘‘एका दिवसात एवढं चालणं झेपेल का हो?’’ बेत उत्तरवाहिनी नर्मदा परिक्रमेचा असतो.

गेल्या काही वर्षांत पुणे, ठाणे, डोंबिवली आणि नाशिकहून चैत्रात निघणाऱ्या गाड्या वाढल्या आहेत. पूर्ण नर्मदा परिक्रमा सुमारे २,६०० किलोमीटरची. तिची शास्त्रोक्त मुदत तीन वर्षं, तीन महिने आणि तेरा दिवस. भरभर चालणाऱ्यालाही चार-पाच महिने हवेत. इतकी रजा कोण देणार? उत्तरवाहिनी मात्र एका दिवसात होते. चैत्रात हा छोटा फेरा केला तर मोठ्या परिक्रमेचं पुण्य मिळतं, अशी श्रद्धा आहे. पुण्याचा हिशोब ज्याचा त्याने करावा, पण अंतर पक्कं आहे. नदीच्या दोन्ही काठांनी मिळून साधारण वीस किलोमीटर, आणि तेही बहुतेक वाळू, शेतांचे बांध आणि मातीच्या गाडीवाटा यांवरून. पाण्याची पातळी बदलली की वाट थोडी सरकते, म्हणून कुणी अठरा सांगतो तर कुणी बावीस.

मध्य प्रदेशातल्या अमरकंटकला उगम पावून भरूचजवळ खंभातच्या आखाताला मिळेपर्यंत नर्मदा १,३१२ किलोमीटर वाहते, ती पश्चिमेकडे. गुजरातच्या नर्मदा जिल्ह्यात, गरुडेश्वरच्या खाली, ती वळण घेते आणि रामपुरा ते तिलकवाडा या टप्प्यात चक्क उत्तरेला जाते. काशीला गंगा असंच वळण घेते, आणि तिथल्या उत्तरवाहिनीचं माहात्म्य सगळ्यांना ठाऊक आहे. परिक्रमेत नदी कायम उजव्या हाताला ठेवायची असते. त्यामुळे वाट आपोआप ठरते. रामपुऱ्याहून डाव्या काठाने प्रवाहाबरोबर उत्तरेला मांगरोळ, गुवार आणि शहेराव, तिथे नदी ओलांडून तिलकवाडा, मग उजव्या काठाने प्रवाहाविरुद्ध वासण आणि रेंगण, आणि पुन्हा पाणी ओलांडून रामपुरा. मोठ्या परिक्रमेत समुद्राशिवाय कुठेही नदी ओलांडायला बंदी आहे. इथे दोनदा ओलांडावी लागते आणि ते चालतं. नियम कडक ठेवून त्याला माणसाच्या मापाची वाट काढण्याची ही जुनी रीत नावं ठेवण्यासारखी नाही.

नाशिकहून जायचं तर दिंडोरी, वणी, सापुतारा, वघई, व्यारा, नेत्रंग, राजपिपळा. जवळजवळ तीनशे किलोमीटर. गाड्या दुपारी किंवा संध्याकाळी निघतात. सापुताऱ्याचा घाट उतरेपर्यंत भजनं आणि अंताक्षरी, व्याऱ्याला चहा, त्यानंतर घोरणं. मध्यरात्रीनंतर रामपुरा येतं, आणि शहरी माणसाला पहिला धक्का इथेच बसतो. पहाटे तीन वाजता घाटावर पंढरपूरच्या वाळवंटासारखी जाग असते. चैत्रात या भागात दुपारचा पारा चाळिशीला टेकतो किंवा ओलांडतो, त्यामुळे जे काही चालायचं ते ऊन चढण्याआधी. स्नान, निदान पायाला आणि डोळ्यांना पाणी, छोट्या बाटलीत भरून घेतलेलं नर्मदाजल, संकल्प, आणि मग अंधारात बॅटऱ्यांची रांग.

पहिला तास बोलण्याचा. पाच किलोमीटरपर्यंत गट गट असतो. दहाव्याला त्याच्या जोड्या होतात, आणि त्या निघताना ठरवलेल्या नसतात. बँकेतून निवृत्त झालेले काका कॉलेजातल्या पोराबरोबर चालत असतात, कारण दोघांच्या चालीचा वेग जुळतो. सख्ख्या मैत्रिणी एकमेकींना अर्धा किलोमीटर मागेपुढे सोडून जातात आणि कुणाला त्याचं वाईट वाटत नाही. पंधराव्याला प्रत्येक जण आपापला. वाळूत पाऊल रुततं, पोटऱ्या भरून येतात. नवे बूट घालून आलेला एक तरी जण गटात असतोच, आणि टाचेला फोड येऊन त्याचा बंदोबस्त होतो. जुनी चप्पल, सुती मोजे, हातात काठी आणि पिशवीत मीठ-साखर-लिंबाचं पाणी. अनुभवी माणसाचं सामान एवढंच.

उजाडतं तेव्हा वाट केळीच्या बागांतून जात असते. राजपिपळ्याच्या आसपासचा हा काळ्या मातीचा पट्टा केळी, कापूस आणि उसाचा. एका हाताला हिरवी पानं, दुसऱ्या हाताला रुंद, संथ पाणी आणि पलीकडच्या काठावर उलट दिशेने सरकणारे माणसांचे ठिपके. ते ठिपके म्हणजे आपल्याआधी निघून परतीला लागलेले चालकरी. ‘नर्मदे हर’ हाच नमस्कार, तीच हाक, ‘जरा बाजूला व्हा’ म्हणायचं असलं तरी तेच. इंदिरानगरात लिफ्टमध्ये शेजाऱ्याशी न बोलणारा माणूस इथे दर दोन मिनिटांनी अनोळख्याला हाक देतो आणि त्याला त्यात काही वेगळं वाटत नाही.

मग सुरू होतं आदरातिथ्य. आश्रमांत चहा, कुठे पोहे, कुठे खिचडी, घराच्या ओट्यावर ताकाचा माठ, सावलीत मांडलेलं लिंबू सरबत. देणारे अनेकदा स्वतः साधे शेतकरी किंवा शेतमजूर असतात. लहान पोरं रस्त्यात उभी राहून पाण्याचे पेले पुढे करतात. परिक्रमावासीला रिकाम्या हाताने जाऊ देणं या काठावर कमीपणाचं मानतात. परिक्रमेच्या मुख्य वाटेवर याला सदाव्रत म्हणतात. शिधा द्यायचा, निवारा द्यायचा, कोण कुठला ते विचारायचं नाही. विकतच्या बाटलीबंद पाण्याला सरावलेला पाहुणा आधी खिशात हात घालतो. मग कुणी तरी हसून नको म्हणतं, आणि तो ओशाळतो.

या वाटेला मराठी माणूस नवा नाही. तिलकवाड्याला वासुदेवानंद सरस्वती, म्हणजे टेंबे स्वामी, यांचा चातुर्मास झाला. उत्तरवाहिनीच्या थोडं वर, गरुडेश्वरला, १९१४ साली त्यांनी देह ठेवला. सावंतवाडीजवळच्या माणगावात १८५४ साली जन्मलेला हा दत्तभक्त संन्यासी उभा देश पायी हिंडला. नाशिकहून गेलेल्या बऱ्याच गाड्या चालणं आटोपल्यावर गरुडेश्वरला वळतात, आणि तिथे संध्याकाळी म्हटली जाणारी करुणात्रिपदी घरोघरच्या दत्तभक्तांना पाठ असलेलीच असते. परमुलखात गेल्यासारखं वाटत नाही, याचं अर्धं कारण हे आहे.

उरलेलं अर्धं कारण पुस्तकं. गो. नी. दांडेकरांनी ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ लिहून परिक्रमा मराठी घरांत आणली, जगन्नाथ कुंटे यांच्या ‘नर्मदे हर हर’ने नव्या पिढीला पाठीवर पिशवी घ्यायला लावली. जबलपूरच्या अमृतलाल वेगडांनी १९७७ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, तुकड्यातुकड्यांनी नदीकाठ चालायला सुरुवात केली. सोबत कधी पत्नी, कधी मित्र, कधी विद्यार्थी, खिशात चित्राची वही. एका दमात पूर्ण करण्याचा हट्ट त्यांनी धरला नाही. सुट्टीत एक तुकडा चालायचा आणि घरी यायचं. उत्तरवाहिनीला जाणाऱ्या नोकरदार गटांचे खरे पूर्वज वेगड आहेत, असं म्हणायला हरकत नाही.

आणि एक नाव नाशिकचंच. भारती ठाकूर संरक्षण खात्याच्या नोकरीत होत्या. २००५-०६ मध्ये मैत्रिणींबरोबर त्यांनी नर्मदेची पूर्ण परिक्रमा पायी केली आणि त्यावर ‘नर्मदा परिक्रमा : एक अंतर्यात्रा’ हे पुस्तक लिहिलं. परतल्यावर बहुतेक जण फोटो लावतात. त्यांनी नोकरी सोडली आणि पुन्हा त्याच काठावर, निमाड भागातल्या खरगोन जिल्ह्यात, मुलांच्या शिक्षणाचं काम उभं केलं. चालताना दिसलेली शाळाबाह्य मुलं हे त्यामागचं कारण. काठाने वाट चालणाऱ्याला जेऊ घातलं आणि चालणारीने काठाच्या पोरांना शिकवलं, असा हा व्यवहार पुरा झाला.

या सगळ्यात एक अडचणीची गोष्ट आहे आणि ती गाडीत कुणी काढत नाही. उत्तरवाहिनीच्या टप्प्यातलं पाणी आता नदीच्या मर्जीने वाहत नाही. थोडं वर सरदार सरोवर आहे. १३८.६८ मीटर उंचीचं हे धरण सप्टेंबर २०१७ मध्ये राष्ट्राला अर्पण झालं. शेजारी १८२ मीटरचा पुतळा २०१८ पासून उभा आहे. वरून किती पाणी सोडलं, त्यावर खालचा घाट उघडा की बुडालेला हे ठरतं, आणि नावेची सोय किंवा तात्पुरता पूल त्यावरच अवलंबून असतो. धरणाच्या वरची शूलपाणीची झाडी, जिच्या कथा जुन्या परिक्रमावासींनी थरारून सांगितल्या, ती मोठ्या प्रमाणात पाण्याखाली गेली. महाराष्ट्राच्या वाट्याला नर्मदेचा ५४ किलोमीटरचा काठ आहे, नंदुरबार जिल्ह्यात. तिथली ३३ गावं बुडिताखाली आली. मोठी परिक्रमा करणाऱ्यांना त्या भागात आता काठ सोडून लांबून वळसा घालावा लागतो. ज्या काठाने चालायला मराठी माणूस गुजरातेत जातो, तसाच एक काठ त्याच्या स्वतःच्या राज्यात होता आणि तिथली माणसं पुनर्वसनाच्या वसाहतींत राहतात. हे ठाऊक असून चालावं, एवढं तरी.

गर्दीचं दुखणं वेगळं. सुट्टीच्या दिवशी रेंगणच्या घाटावर नावेसाठी रांगेत तास तास जातात. कागदी पेल्यांचे ढीग, वाळूत रुतलेल्या प्लॅस्टिकच्या बाटल्या. फुकट मिळालेल्या ताकाचा पेला टाकायला डबा कुठे आहे हे न शोधणारे तेच, जे घरी सोसायटीच्या ग्रुपवर स्वच्छतेचे निरोप पाठवतात.

चालणं अकरा-बारापर्यंत संपतं. रामपुऱ्याच्या घाटावर पाय पाण्यात सोडून बसलेली माणसं एकमेकांचे फोड मोजतात आणि पुढच्या वर्षीच्या तारखा काढतात. त्यातलंच कुणी तरी विचारतं, ‘‘आपल्याकडे असं का नाही?’’

त्याचं एक उत्तर इंदिरानगरच्या डोक्यावर कोरलेलं आहे. पाथर्डी फाट्याच्या अलीकडे महामार्गाला लागून त्रिरश्मीचा डोंगर, त्यात चोवीस लेणी. रोज सकाळी शेकडो लोक व्यायामासाठी त्या पायऱ्या चढतात. दहाव्या क्रमांकाचं लेणं नहपान विहार म्हणून ओळखलं जातं. क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख त्यात आहे, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा. दानांची ती लांबलचक यादी आहे. त्यात गायी आहेत, गावं आहेत, नारळाची रोपंही आहेत. पण चालणाऱ्याने थांबून वाचावा असा भाग नद्यांचा. इबा, पारादा, दमणा, तापी, करबेणा आणि दाहनुका या सहा नद्यांवर उषवदाताने विनामूल्य नावांची सोय केली आणि त्यांच्या दोन्ही तीरांवर वाटसरूंसाठी बसायच्या जागा आणि पाणपोया उभारल्या. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक इथे धर्मशाळा बांधल्या. भरुकच्छ म्हणजे नर्मदेच्या मुखावरचं भरूच. गोवर्धन हे आपल्या गंगापूर रस्त्यावरचं गाव. दमणा ती दमणगंगा आणि पारादा ती पार, असं अभ्यासक मानतात. दोघींचे उगम नाशिक जिल्ह्यातले. तापी तर उत्तरवाहिनीला जाणारी प्रत्येक गाडी ओलांडते.

म्हणजे नाव फुकट, पाणी फुकट, टेकायला जागा, आणि हे सगळं दोन्ही तीरांवर. जवळजवळ एकोणीसशे वर्षांपूर्वी एका कारभाऱ्याला नदीकाठच्या वाटसरूची गरज इतकी नेमकी कळली होती, आणि तिचा दगडी दाखला सकाळी ट्रॅकसूट घालून चढणाऱ्यांच्या वाटेवर आहे.

आता डोंगरावरून खाली पाहावं. इंदिरानगरच्या उत्तरेला नासर्डी, म्हणजे नंदिनी, सातपूरच्या औद्योगिक वसाहतीपासून उंटवाडी, मुंबई नाका, द्वारका अशी शहर कापत टाकळीला गोदावरीत मिळते. दक्षिणेला वालदेवी, वडनेर-विहितगावकडून चेहेडीपाशी दारणेत जाणारी. चालत जाता येईल इतक्या अंतरावर दोन नद्या. टाकळीचा संगम साधा नाही. समर्थ रामदासांनी १६२० ते १६३२ अशी बारा वर्षं तिथे तप केलं, दुपारपर्यंत कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून जप केला, अशी परंपरा आहे. आज त्या पाण्यात सांडपाणी आहे आणि काठाने सलग एक किलोमीटर चालायचं म्हटलं तरी मध्ये कुंपण, भिंत, राडारोड्याचा ढीग किंवा कुणाच्या तरी गॅरेजची मागची बाजू येते. उंटवाडीहून टाकळीपर्यंत नंदिनी उजव्या हाताला ठेवून चालून दाखवावं, असं आव्हान इंदिरानगरातल्या कोणत्याही चालकऱ्याला द्यायला हरकत नाही.

नाशिकला नदीकाठी चालायची हौस नाही असं मात्र म्हणता येत नाही. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी बघावी. एसटीच्या जादा गाड्या, कुशावर्तावर स्नान, आणि गोदावरीच्या उगमाच्या डोंगराभोवती सुमारे वीस किलोमीटरची चिखलवाट, रात्रभर, पावसात. आदल्या रात्री इंदिरानगरातून मित्रांची टोळकी दुचाकींवर निघतात. या फेरीचा मराठीवर एक मोठा उपकार आहे. विठ्ठलपंत कुटुंबासह हीच प्रदक्षिणा करत असताना वाघ आडवा आला, पळापळीत थोरला निवृत्ती चुकला आणि एका गुहेत त्याला गहिनीनाथ भेटले, अशी कथा आहे. निवृत्तीने ज्ञानेश्वरांना दीक्षा दिली, आणि पुढचं सगळं त्यातून आलं. त्या फेरीतही वाटेवरचे गावकरी चहा, केळी, साबुदाण्याची खिचडी घेऊन उभे असतात. उषवदाताची पाणपोई नाशिककरांच्या अंगातून गेलेली नाही. ती वर्षातून एक रात्र उघडते, एवढंच.

शहरात गोदावरीकाठी प्रयोग झाले. गोदापार्क झाला, गाजला, २ ऑगस्ट २०१६ च्या पुराने झोडपला गेला. त्याआधी १९ सप्टेंबर २००८ चा पूर लोकांना आठवतो. पात्रात काँक्रीट ओतून केलेली शोभा नदी ठेवत नाही, हे आता वेगळं सिद्ध करायला नको. रामकुंड परिसरातल्या प्राचीन कुंडांवरचं काँक्रीट काढा म्हणून नागरिकांना न्यायालयात जावं लागलं. चालणाऱ्याला शोभा लागत नाही. त्याला लागते सलग मातीची पायवाट, थोडी झाडं आणि अधूनमधून पाण्याचा माठ. पूर आला तर माठ वाहून जाऊ द्यावा आणि ओसरल्यावर पुन्हा ठेवावा. इंग्लंडमध्ये थेम्सच्या उगमापासून लंडनपर्यंत सुमारे तीनशे किलोमीटरची पायवाट १९९६ साली राष्ट्रीय पदपथ म्हणून खुली झाली. तिचा बराचसा भाग पूर्वी नावा ओढणाऱ्या घोड्यांच्या वाटेवरून जातो. घोडे गेले तरी वाट सार्वजनिकच राहिली. आपल्याकडे पंचवीस वर्षांच्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांच्या पुराची लाल रेषा जलसंपदा खात्याच्या नकाशावर आखलेली आहे. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नको हे ठरलेलं आहे. तिथे पाऊलवाट असावी, हे ठरवायचं राहिलं आहे.

२०२७ चा सिंहस्थ आता तोंडावर आहे. आधीच्या सिंहस्थांतही नवे घाट बांधले गेले, याही वेळी नदीकाठच्या कामांवर मोठा खर्च होतो आहे. घाट हे स्नानासाठी असतात, पर्वणी सरली की रिकामे पडतात. त्या खर्चातच टाकळीच्या संगमापासून नंदिनीच्या एका काठाने उंटवाडीपर्यंत आणि गोदावरीच्या काठाने गोवर्धनपर्यंत, माणूस न अडता चालू शकेल अशी मातीची वाट सोडून ठेवता येईल. सांडपाणी रोखल्याशिवाय तिचा उपयोग नाही, म्हणून ते काम आधी. मागणी करायला फार मोठं आंदोलन लागणार नाही. चैत्रात तीनशे किलोमीटर जाऊन वीस किलोमीटर चालून आलेल्या प्रत्येक गटाने परतल्यावर आठवड्याच्या आत प्रभागातल्या नगरसेवकाला आणि महापालिका आयुक्तांना एक अर्ज द्यावा, आणि त्यावर गाडीतल्या सगळ्यांनी सह्या कराव्यात.